अमोनियाचे विस्मरण : नाशिकच्या मलजल शुद्धीकरणाचा इतिहास व श्रेणीवर्धनाचे नियोजन

गोषवारा

नाशिक शहरातील मलजल शुद्धीकरण केंद्रे ज्या काळात उभी राहिली, त्या काळात शुद्धीकरण म्हणजे सेंद्रिय भार कमी करणे, एवढाच अर्थ प्रचलित होता. मलजलातील अमोनिया, नत्र व स्फुरद ही पोषकद्रव्ये आराखड्यात, मापदंडात आणि मोजणीच्या पद्धतीतही दुय्यम राहिली. हे का घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या पार्श्वभूमीवर या केंद्रांच्या श्रेणीवर्धनाचा विषय ऐरणीवर आला असून, त्याचे नियोजन करताना हा इतिहास दुर्लक्षून चालणार नाही, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : नाशिक, गोदावरी, मलजल, अमोनिया, नत्रीकरण, यूएएसबी, मापदंड, नांदूरमध्यमेश्वर

प्रास्ताविक

गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे ३० किलोमीटरचा प्रवास करून नाशिकला येते. १,४६५ किलोमीटर लांबीच्या या नदीच्या दृष्टीने नाशिक हे अगदी बालपणातले शहर होय. नदी लहान आणि शहर मोठे, अशी ही जोडी आहे. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची खेडी एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख भरली.

या लोकसंख्येचे मलजल मोजण्याची प्रचलित रीत म्हणजे दशलक्ष लिटर प्रतिदिन, अर्थात एमएलडी. तपोवन १३०, आगरटाकळी ११०, पंचक ६०.५, चेहेडी ४२, पिंपळगाव खांब ३२ आणि गंगापूर १८ एमएलडी अशी केंद्रांची क्षमता आहे. एकत्र केली तर ती ३९२.५ एमएलडी होते. हा आकडा अहवालांतून वारंवार भेटतो, परंतु तो पाण्याचा आहे. पाण्यात काय आहे, याविषयी तो काहीही सांगत नाही.

दुसऱ्या रीतीने हिशेब करून पाहावा. मनुष्याच्या मलमूत्रातून दररोज साधारण ८ ते १२ ग्रॅम नत्र बाहेर पडते. सरासरी १० ग्रॅम धरले तर २०११ च्या लोकसंख्येला दिवसाकाठी सुमारे १५ टन नत्र होते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा ३२ टन युरिया झाला, म्हणजे ४५ किलोच्या सातशेहून अधिक गोण्या, आणि त्याही दररोज. हा अर्थातच ढोबळ अंदाज आहे. त्यातील काही भाग गाळात जातो, काही गटारांत पोहोचतच नाही. तथापि प्रश्नाचा आकार त्यावरून ध्यानात यावा. या नत्राचा बहुतांश भाग केंद्रात अमोनियाच्या रूपाने दाखल होतो. तो पुढे कोठे जातो, हा या लेखाचा विषय आहे.

सोनखताचा काळ

भुयारी गटारे येण्यापूर्वी या नत्राचे स्थान नदीत नव्हते, शेतात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील अनेक नगरपालिका मैला गोळा करून, राख व केरकचरा मिसळून खड्ड्यांत कुजवीत आणि ते खत विकीत. मराठीत त्याला ‘सोनखत’ हे नाव मिळाले, आणि ते उपरोधाने मिळाले नव्हते. पुण्याच्या परिसरातील ऊसकऱ्यांमध्ये या खताला मोठी मागणी असे. नगरपालिकेच्या जमाखर्चात मैला हा जमेच्या बाजूला येऊ शकणारा विषय होता.

या व्यवस्थेचे गौरवीकरण करण्याचा येथे हेतू नाही. मैला डोक्यावरून वाहून नेण्याचे काम ज्या जातींवर लादले गेले, त्यांच्या अप्रतिष्ठेवर ते सोनखत तयार होत असे. भुयारी गटार योजनेने ही अमानुष प्रथा मोडण्यास हातभार लावला, हे तिचे मोठे श्रेय आहे. मात्र गटार आल्यावर खताचा विचारही मैल्याबरोबर वाहून गेला. १९३१ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर येथील कंपोस्ट पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३४ मध्ये गिल्बर्ट फाउलर यांनी नत्राच्या जतनाच्या जीवरसायनशास्त्रावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. म्हणजे नत्र वाया जाऊ नये ही चिंता त्या पिढीतील शास्त्रज्ञांना होती. नगर अभियंत्यांच्या टिपणांत मात्र तिला फारशी जागा मिळाली नाही.

मँचेस्टरची चाचणी आणि इंग्लंडच्या नद्या

फाउलर यांचे नाव येथे आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरते. अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर, म्हणजे नत्रीकरण, हे सजीवांचे कार्य आहे, असे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लेझिंग व म्युन्ट्झ यांनी दाखविले. वाळूच्या थरातून मलजल झिरपवून त्यांनी हा प्रयोग केला होता. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी ते जीवाणू वेगळे केले. पुढे फाउलर यांच्या प्रेरणेने मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी मलजलात हवा सोडण्याचे प्रयोग केले आणि १९१४ मध्ये ‘सक्रियित गाळ’ पद्धत जगापुढे मांडली. त्यांची कसोटी होती पूर्ण नत्रीकरण. पहिल्या वेळी त्याला काही आठवडे लागले. खाली बसलेला गाळ न टाकता त्यावर पुन्हा नवे मलजल घेत गेल्यावर तोच काळ तासांवर आला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीचा जन्म अमोनियाच्या नाहीशा होण्यावर नजर ठेवूनच झाला, ही गोष्ट अभ्यासक्रमांत क्वचितच सांगितली जाते. फाउलर त्यानंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. ज्ञान भारतात यावयास विलंब झाला, असे म्हणता येत नाही.

विलंब झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. इंग्लंडच्या मलजल विल्हेवाट शाही आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात शुद्ध केलेल्या मलजलासाठी निलंबित घनपदार्थ ३० आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी (बीओडी) २० असे मापदंड सुचविले. या आकड्यांमागे एक अट होती, ती अशी की नदीत मलजलाच्या किमान आठपट स्वच्छ पाणी वाहते असावे. आकडे जगभर फिरले, अट मागे राहिली. बीओडी पाच दिवस मोजण्याची प्रथाही तेथूनच आली. इंग्लंडमधील नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळते म्हणून पाच दिवस, असे तिचे कारण सांगितले जाते. गोदावरीला ही चाचणी लावताना हे कारण आठवले की थोडे हसू येते.

भारताने पुढे आपल्या हवामानास अनुसरून २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ही चाचणी स्वीकारली. व्यवहाराच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु नत्रीकरण करणारे जीवाणू मंदगतीने वाढतात आणि तीन दिवसांच्या आत बाटलीत त्यांचे काम बहुधा सुरूच होत नाही. परिणामी अमोनियाला लागणारा प्राणवायू या चाचणीत दिसत नाही. एक ग्रॅम अमोनियायुक्त नत्राचे नायट्रेट होण्यास सुमारे ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो. वरील १५ टनांच्या हिशेबाने ही मागणी ६८ टनांपर्यंत जाते. दरडोई ४५ ग्रॅम हे जुने मान धरले तर शहराची संपूर्ण बीओडी सुमारे ६७ टन होते. याचा अर्थ, नत्राचा गाळात जाणारा भाग वजा केला तरी, नदीवर पडणारा एक मोठा प्राणवायूचा बोजा आपल्या चाचणीच्या कक्षेबाहेर राहतो. केंद्राच्या दैनंदिन नोंदवहीत बीओडीचा रकाना उत्तम भरलेला असावा आणि नदीतील मासे मात्र मरावेत, हे म्हणूनच शक्य होते.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी, १९६९ मध्येच केला होता, आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापन केले होते. कायदेशीर जागरूकतेत राज्य मागे नव्हते. मात्र कायदा जे मोजावयास सांगतो तेवढेच मोजले जाते.

धरणामागची नदी

शाही आयोगाची आठपट पाण्याची अट नाशिकला लावून पाहिली म्हणजे प्रश्नाचे मर्म कळते. शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. नाशिकला पिण्याचे पाणी व शेतीला सिंचन देणारे हे मातीचे धरण शहराच्या वाढीचा आधार ठरले. त्याची दुसरी बाजू अशी की पावसाळा व आवर्तनाचे दिवस सोडले तर नदीत स्वतःचे असे वाहते पाणी फारसे उरत नाही. धरणातून शहर पाणी घेते आणि वापरून झाल्यावर तपोवन, आगरटाकळी, पंचक येथून ते नदीला परत करते. उन्हाळ्यात तपोवनाच्या खालची गोदावरी ही बव्हंशी शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडलेल्या पाण्याचीच असते. आठपट सोडाच, एकपट पाण्याचीही खात्री नाही.

या नदीच्या नाशिकमधील स्थानांचा महिमा मोठा आहे. तपोवनात कपिला-गोदावरीचा संगम आहे. टाकळीला नासर्डी, म्हणजे नंदिनी, गोदावरीला मिळते, आणि समर्थ रामदासांनी तेथेच नदीपात्रात उभे राहून बारा वर्षे पुरश्चरण केले असे परंपरा सांगते. शहराची दोन सर्वांत मोठी शुद्धीकरण केंद्रे याच दोन संगमांच्या परिसरात आहेत. यात कोणाचा दोष नाही. उताराचे पाणी संगमाकडेच येणार आणि गटारही उतारानेच चालते. परंतु स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरविलेल्या ‘ब’ वर्गात बीओडी, विद्राव्य प्राणवायू, आम्लता व कोलिफॉर्म यांचे निकष आहेत, अमोनियाचा नाही. तो आहे मत्स्यजीवनासाठीच्या ‘ड’ वर्गात, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा अधिक नसावा असा. नाशिकच्या नदीकडे सर्व यंत्रणांनी स्नानाची नदी म्हणून पाहिले. त्यामुळे माशांचा निकष चर्चेत आलाच नाही.

यूएएसबीची निवड

१९८६ मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली. १९९५ मध्ये तिच्याच धर्तीवर राष्ट्रीय नदी संवर्धन योजना आली. महाराष्ट्रातून कऱ्हाड, सांगली, नांदेड व त्र्यंबकेश्वरबरोबर नाशिकचा तीत समावेश झाला. या योजनेतून तपोवन येथे ७८ एमएलडीचे केंद्र उभे राहिले. पुढे आगरटाकळी येथे ७० एमएलडीचे केंद्र झाले, आणि २००५ नंतरच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात क्षमता वाढत गेली. या दोन मोठ्या केंद्रांच्या पायाभूत टप्प्यासाठी निवडलेले तंत्र होते यूएएसबी. यात मलजल टाकीच्या तळातून वर चढते, वाटेत अवायुजीवी गाळाच्या थरातून जाते आणि सेंद्रिय द्रव्याचा मिथेन वायू होतो.

नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेले हे तंत्र १९८९ मध्ये कानपूर येथे ५ एमएलडीच्या प्रायोगिक केंद्रातून भारतात आले आणि यमुना कृती योजनेत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. आज त्यावर टीका करणे सोपे आहे. परंतु त्या काळाचा विचार करावा. हवा फुंकणारे पंखे अहोरात्र चालविण्याची वीज कोठून आणावयाची, हा नगरपालिकांपुढचा खरा प्रश्न होता. २००० नंतरच्या दशकातील महाराष्ट्रातील भारनियमन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना विजेविना चालणाऱ्या टाकीचे आकर्षण निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. गाळ कमी, वीज कमी आणि शिवाय वायूपासून वीज मिळण्याची आशा! उष्ण प्रदेशाला अनुरूप असे हे तंत्र होते, आणि ३० बीओडीच्या तत्कालीन मापदंडाजवळ ते पुढील तळ्यांच्या साहाय्याने पोहोचू शकत होते.

त्याची मर्यादा मात्र रसायनशास्त्राच्या मुळाशी होती. प्राणवायूशिवाय नत्रीकरण होत नाही. उलट अवायुजीवी टाकीत प्रथिने व युरिया यांचे विघटन होऊन त्यांतील नत्र अमोनियाच्या रूपात मोकळे होते. म्हणून यूएएसबीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया आत आलेल्यापेक्षा अधिकही असू शकतो. पुढील हवामिश्रित तळ्यांत थोडा फरक पडतो. परंतु तेथे गाळ परत फिरविण्याची सोय नसल्याने मंद वाढीचे नत्रीकारक जीवाणू टिकून राहण्यापूर्वीच पाण्याबरोबर वाहून जातात. आर्डर्न व लॉकेट यांनी जो गाळ जपून ठेवला, तोच येथे जपला जात नाही.

मापदंडांचे येणे-जाणे

पर्यावरण संरक्षण नियमांखालील सर्वसाधारण मापदंडांत १९९३ पासून अमोनियायुक्त नत्राला ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा होती. भारतीय शहरांच्या कच्च्या मलजलातही अमोनियायुक्त नत्र साधारण २५ ते ५० च्या दरम्यान असते. म्हणजे काहीही न करता जी अट पूर्ण होते, ती अट नव्हेच. २०१३ मध्ये केंद्र शासनाच्या मलनिस्सारण मार्गदर्शिकेने, ज्या जलाशयाचे पाणी पिण्यासाठी उचलले जाते तेथे सोडावयाच्या पाण्यात एकूण नत्र १० पेक्षा कमी असावे, असे सुचविले. नोव्हेंबर २०१५ च्या मसुदा अधिसूचनेत बीओडी १०, अमोनियायुक्त नत्र ५ व एकूण नत्र १० अशी स्पष्ट मर्यादा आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा बीओडी महानगरांसाठी २० आणि इतर ठिकाणी ३० झाली, आणि अमोनिया व नत्र हे रकाने गळून गेले. दोन वर्षांच्या आत झालेल्या या बदलाचा खोलवर अभ्यास व्हावयास हवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशाने बीओडी १०, एकूण नत्र १० आणि तळी-सरोवरांत सोडताना एकूण स्फुरद १ असे कडक निकष पुन्हा पुढे आणले.

याच काळात नाशिकचा प्रश्न न्यायालयातही होता. गोदावरीच्या प्रदूषणाविषयी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, म्हणजे ‘नीरी’चे, साहाय्य घेतले. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतील ५३ महाराष्ट्रातील होते, आणि सोमेश्वर ते राहेड हा गोदावरीचा पट्टा त्यांत होता. या यादीची कसोटी पुन्हा बीओडी हीच होती.

श्रेणीवर्धन : तीन वाटा

आता २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत केंद्रांच्या श्रेणीवर्धनाचा विषय पुढे आला आहे. चर्चेत आकडा असतो तो ३० वरून १० बीओडीचा. हा आकडा गाठणे आवश्यक आहेच. परंतु तो गाठूनही अमोनिया जसाच्या तसा राहू शकतो, हे आधी मान्य केले पाहिजे. नियोजनाच्या दृष्टीने येथे तीन वाटा दिसतात.

पहिली वाट यूएएसबी तशीच ठेवून तिच्यामागे हवा सोडण्याच्या टाक्या व गाळ परत फिरविण्याची सोय उभारण्याची. अमोनियाचे नायट्रेट होईल, मासे वाचतील. पण एकूण नत्र कमी होणार नाही. नायट्रेटचा नत्रवायू करणाऱ्या विनत्रीकारक जीवाणूंना खाद्य म्हणून सेंद्रिय कर्ब लागतो, आणि तो तर आधीच्या टाकीत मिथेन होऊन गेलेला असतो. ज्या गुणामुळे यूएएसबी निवडली, तोच गुण आता आडवा येतो. दुसरी वाट कच्च्या मलजलाचा काही भाग यूएएसबीला वगळून थेट प्राणवायूविरहित कक्षात नेण्याची. कर्ब मिळतो, जुने बांधकाम वाया जात नाही, मात्र प्रवाहाचे वाटप तासातासाला सांभाळावे लागते. तिसरी वाट जुने तंत्र सोडून टप्प्याटप्प्याने चालणारी प्रक्रिया-टाकी (एसबीआर) किंवा अवायुजीवी, प्राणवायूविरहित आणि वायुजीवी अशा तीन कक्षांची रचना स्वीकारण्याची. दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी बार्नार्ड यांनी विकसित केलेल्या पद्धतीची ही वंशज होय. तिच्यात नत्राबरोबर स्फुरदही बऱ्याच अंशी निघते. वीज मात्र कितीतरी अधिक लागते. ॲनामॉक्स ही १९९० च्या दशकात डेल्फ्ट येथे उजेडात आलेली प्रक्रिया कर्बाविनाच नत्र काढते. परंतु ती गाळ पिळून निघणाऱ्या तीव्र द्रवासाठी स्थिरावली आहे, शहराच्या मुख्य प्रवाहासाठी नव्हे.

प्रस्तुत लेखकास दुसरी वाट नाशिकसाठी अधिक विचारार्ह वाटते, निदान तपोवन व आगरटाकळी येथे. जुनी टाकी पाडणे सोपे वाटते, निविदाही सुटसुटीत होते. परंतु अर्धा कर्ब वायूत आणि अर्धा विनत्रीकरणात वापरता आला तर विजेचे देयक पुढील तीस वर्षे हलके राहील. अर्थात, हा निर्णय मोजणीशिवाय कोणी घेऊ नये. कच्च्या मलजलातील बीओडी व नत्र यांचे गुणोत्तर चोवीस तासांत कसे बदलते, हे वर्षभर मोजल्याशिवाय कोणत्याही वाटेची शाश्वती देता येत नाही. हे गुणोत्तर चारच्या खाली गेले की विनत्रीकरण अडखळू लागते. आणखी एक बाब क्षारतेची आहे. एक ग्रॅम नत्राच्या नत्रीकरणात ७.१४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. विनत्रीकरण झाले तर तिच्यातील निम्मी परत मिळते. धरणाचे मृदू पाणी पिणाऱ्या शहराने हा हिशेब अवश्य करावा.

नाशिकची दोन वैशिष्ट्ये येथे विसरून चालत नाही. पहिले, सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींत धातूवर मुलामा चढविणारे अनेक उद्योग आहेत. क्रोमियम, निकेल व तांबे यांना नत्रीकारक जीवाणू इतर जीवाणूंपेक्षा फार लवकर बळी पडतात. नासर्डीच्या खोऱ्यातील औद्योगिक सांडपाणी घरगुती गटारात शिरणार असेल तर आगरटाकळीचे श्रेणीवर्धन कागदावरच राहील. दुसरे वैशिष्ट्य खुद्द सिंहस्थाचे. पर्वणीच्या दिवशी शहराची लोकसंख्या एकदम फुगते. सेंद्रिय द्रव्य खाणारे जीवाणू काही तासांत दुप्पट होतात आणि वाढलेला भार पेलू शकतात. नत्रीकारकांना दुप्पट व्हावयास एक दिवस वा अधिक लागतो. पर्वण्या श्रावण-भाद्रपदात येतात, तेव्हा पावसाचे पाणी गटारात शिरून मलजल पातळ व थंड झालेले असते. म्हणून पर्वणीपूर्वी काही आठवडे गाळाचे वय वाढवीत नेणे हाच उपाय उरतो, आणि तो बांधकामाचा नसून संचालनाचा आहे. २०१५ च्या दुष्काळी सिंहस्थात शाही स्नानासाठी धरणातून पाणी सोडावे की नाही, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सोडलेल्या पाण्याने अमोनिया पातळ होतो, नाहीसा होत नाही. फक्त एक दिवस पुढे सरकतो.

निर्जंतुकीकरणाचाही येथे संबंध येतो. पाण्यात अमोनिया असेल तर घातलेला क्लोरीन प्रथम त्याच्याशी संयोग पावतो. एका भाग अमोनियायुक्त नत्राला संपविण्यास सैद्धांतिक हिशेबाने साडेसात भागांहून अधिक क्लोरीन लागतो, व्यवहारात त्याहून जास्त. दिल्लीत यमुनेतील अमोनिया वाढला की वझिराबाद व चंद्रावळ येथील जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन घटवावे लागते, ते याच कारणाने. नाशिकरोडला पाणी देणारे चेहेडीचे उद्धरण केंद्र दारणेवर आहे आणि वालदेवीचे पाणीही त्या दारणेलाच मिळते, हे ध्यानात घेता दिल्लीचा दाखला फार दूरचा राहत नाही.

नांदूरमध्यमेश्वरकडे

नाशिकपासून पुढे गेलेली गोदावरी सायखेडा-चांदोरीमार्गे निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यात येते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज राजवटीने गोदावरी-कादवा संगमाजवळ हा बंधारा बांधला आणि येथून निघालेल्या उजव्या-डाव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडील दुष्काळी पट्टा ओलिताखाली आला. गाळ साचून झालेल्या उथळ दलदलीत पक्षी येऊ लागले, १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. लोक त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात.

शहरातून निघालेला नत्र व स्फुरद थांबतो तो येथे. वाहत्या पाण्यात जे पोषकद्रव्य निरुपद्रवी वाटते, ते उथळ, संथ, उन्हाने तापलेल्या पाण्यात शेवाळ व पाणवेलींचे खाद्य होते. शेवाळ दुपारी पाण्याची आम्लता घटवून सामू वाढविते. सामू वाढला की निरुपद्रवी अमोनियमचा मोठा हिस्सा विषारी मुक्त अमोनियात बदलतो. म्हणजे केंद्राच्या तोंडाशी सकाळी घेतलेला नमुना आणि बंधाऱ्यात दुपारी तीन वाजता माशाच्या वाट्याला येणारे पाणी, यांत बरेच अंतर पडते. पाणवेलींचे थर पहिल्या पुरात सुटतात आणि सायखेड्याच्या पुलाशी येऊन अडतात, हे त्या गावांना नवे नाही. ज्यांच्या द्राक्षबागांना हेच पाणी मोटारीने दिले जाते, त्यांच्यासाठी प्रश्न वेगळाच आहे. नत्र त्यांना हवे, पण हिशेबाने आणि वेळेवर. फळधारणेच्या काळात नत्र जास्त झाले की वेल पानांतच वाढते. पाण्यातून किती नत्र येते, हे माहीत नसल्याने बागायतदार त्यावर पुन्हा खत टाकतो. शहर जे काढून टाकण्यासाठी वीज जाळणार, ते खाली विकत घेतले जात आहे. फाउलर यांना हे दृश्य नक्कीच बोचले असते.

यास्तव श्रेणीवर्धनाच्या निविदांत अमोनियायुक्त नत्र, एकूण नत्र व स्फुरद यांची प्रत्येकी स्वतंत्र हमी असावी, आणि ती केंद्राच्या तोंडाशी चोवीस तासांच्या संमिश्र नमुन्यावर तपासली जावी. नदीतील मोजणीचे काम मात्र एकट्या शासकीय यंत्रणेवर सोपविण्याचे कारण नाही. अमोनियाची फेनेट पद्धतीने करावयाची चाचणी कोणत्याही पदवी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत होऊ शकते. सोमेश्वर, तपोवनाच्या खाली, दारणासंगम, सायखेडा व नांदूरमध्यमेश्वर या पाच ठिकाणी डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत, आवर्तन सुरू असताना व नसताना, पहाटे एक व दुपारी एक असे नमुने घेतले, आणि त्याच वेळी तापमान व सामू नोंदविला, तर नवी केंद्रे कार्यान्वित होण्यापूर्वीची स्थिती कायमची नोंदली जाईल. नाशिक, निफाड व सिन्नर तालुक्यांतील महाविद्यालयांनी हे काम वाटून घेतले, तर पहिली फेरी येत्या हिवाळ्यातच पुरी करता येईल.